उजव्या अंगाला कुणीच नव्हतं

झुंबरनं बिरोबाच्या देवळात भंडारा उचलून खोटी आण घेतली, असं शेळगावानं ठरवून टाकलं आणि तेव्हापासून त्याच्या लेकीचं, अनिताचं, गावी येणंच कमी झालं.

अनिता बारामतीला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिथंच खोली घेऊन राहायची. आधी दर शनिवारी दुपारची एस.टी. धरून शेळगावला यायची. आता तीन-तीन आठवडे फिरकत नव्हती. आई, प्रयागबाई, कुणाच्या तरी हाती भाकरी-चटणी पाठवायची आणि निरोप द्यायची, "म्हणावं, बापाशी बोलू नगंस, पर माझ्यासाठी तरी यिऊन जा."

झालं होतं ते असं. झुंबर मेंढरं राखणारा माणूस. पुढं चराऊ रानं उसाखाली गेली तशी त्यानं मेंढरं विकली आणि जीप घेतली. शेळगाव ते वालचंदनगर माणसं भरून वडाप करायचा. बारा वर्षं झाली, कधी कुणाला ओरखडा नाही. आणि शहाण्णवच्या दिवाळीनंतर, लख्ख उजेडात, दुपारी चारच्या सुमाराला कालव्याच्या रस्त्यावर त्यानं म्हस्कूला उडवलं. म्हस्कू दुधाच्या किटल्या सायकलीला अडकवून उजवीकडच्या बांधावरनं रस्त्याला लागत होता. मांडीचं हाड मोडलं. दोन महिने पाय वर टांगून पडला होता.

झुंबर चुकलो म्हणाला असता तर गावानं समजून घेतलं असतं. पण तो एकच धरून बसला, "उजव्या अंगाला कुणीच न्हवतं. मी बगितलं व्हतं. रस्ता मोकळा व्हता."

"मग म्हस्कू काय आभाळातनं पडला?" लोक म्हणाले.

तेव्हा तो देवळात गेला, मूठभर भंडारा उचलला आणि सगळ्यांसमोर तेच बोलला. गाव हादरलं. धनगराच्या पोटी जन्मलेला माणूस भंडाऱ्यावर खोटं बोलतो? जीपमध्ये बसलेल्या दोन बायांनी तर म्हस्कूला चांगला पन्नास पावलांवरनं येताना पाहिलं होतं. अनिताही त्या दिवशी देवळाच्या पायरीवर उभी होती. तिनं मान खाली घातली ती घातलीच. बापानं माणूस उडवला याचं तिला दुःख होतं, पण बाप खोटं बोलतो याची तिला किळस आली.

फेब्रुवारीत कॉलेजात प्रात्यक्षिकांचे दिवस आले. अनिताला मुलांना समुद्रातल्या म्हाकुळाचा, म्हणजे स्क्विडचा, डोळा दाखवायचा होता. बाटलीतला फॉर्मलीनमधला नमुना पांढरा फटक पडलेला. त्यात काही कळत नसे. म्हणून तिनं बाजारात मासळी विकणाऱ्या सिंधुबाईला गाठलं.

"म्हाकूळ? ते हितं कोण खातंय बाई?" सिंधुबाई म्हणाली. पण पुण्याहून येणाऱ्या पेटीतून तिनं चार आणून दिले, बर्फात घालून. वर म्हणाली, "डोळं बगा कसं हायती. माणसावानी बगतंय मेलं."

खरंच तसं होतं. टेबलाभोवती मुलं गोळा झाली. अनितानं कात्रीनं डोळा अलगद मोकळा केला, पुढचा पडदा कापला आणि आतनं भिंग काढलं. वाटाण्याएवढा काचेचा मणी. तो तिनं वर्तमानपत्रावर ठेवला तर खालची अक्षरं टपोरी झाली. वैष्णवी नावाची एक धीट मुलगी होती, तिनं चिमट्यानं मणी उचलायला घेतला आणि त्याची दोन शकलं झाली.

"मोडला, मॅडम!"

"मोडला नाही. तो दोन भागांचाच असतो. आपलं भिंग एकसंध, याचं दोन तुकडे जोडून केलेलं."

मग तिनं डोळा उलटा केला. मागच्या बाजूनं पांढऱ्या तंतूंच्या जुड्याच्या जुड्या निघून घेवड्याच्या दाण्यासारख्या एका गाठीत शिरत होत्या.

"इथं बघा. आपल्या डोळ्यात उजेड टिपणाऱ्या पेशी मागं, आणि त्यांच्या तारा पुढं. त्या सगळ्या तारा गोळा होऊन पडद्याला एका जागी भोक पाडून बाहेर जातात. त्या जागी आपल्याला काहीच दिसत नाही. याच्या तारा मुळात मागच्या बाजूनंच निघतात. पडद्याला भोक नाही. याला आंधळी जागाच नाही."

"म्हणजे आपल्याला आहे?" वैष्णवीनं विचारलं.

"प्रत्येकाला. दोन्ही डोळ्यांत."

"मग ती दिसत का नाही?"

"न दिसणं दिसत नसतं. मेंदू आजूबाजूचं घेऊन तिथं ठिगळ लावतो. सोमवारी कागदावर करून दाखवीन."

तास संपायच्या आधी तिनं फिजिक्सच्या लॅबमधून आणलेली पोलरॉइडची काळपट चकती काढली. ट्रेमधल्या पाण्यावर खिडकीचा उजेड चमकत होता. चकती डोळ्यापुढं धरून हळूहळू फिरवली की ती चमक विझायची आणि तळ दिसायचा. उजेडाची लाट उभी, आडवी, तिरपी, कशीही थरथरत येते. पाण्यावरनं उसळलेली मात्र बहुतेक आडवी थरथरते, आणि चकती तेवढी अडवते, असं तिनं सांगितलं. माणसाच्या डोळ्याला हा फरक कळत नाही. म्हाकुळाला कळतो. त्याच्या पडद्यावर बारीक केसांसारख्या नळ्या काही उभ्या, काही आडव्या रचलेल्या असतात. चकाकीच्या आड लपलेली रुपेरी मासळी त्याला लपत नाही. एवढंच काय, त्याच्या स्वतःच्या अंगावरही या उजेडाचे पट्टे असतात, आणि ते त्याचा जातवालाच वाचू शकतो. हे संशोधन अगदी ताजं होतं. तिनं पुण्याच्या ग्रंथालयातून त्याची झेरॉक्स आणली होती.

बोलता बोलता ती थांबली. पाण्यावरची चकाकी. कालव्याचा रस्ता. दुपारचे चार.

मुलं निघून गेली तरी ती हातात चकती घेऊन उभी होती. आबा खोटं बोलले नसतील तर? कालव्याच्या पाण्यावरनं ऊन डोळ्यांत घुसलं असेल आणि म्हस्कू त्या चमकीत हरवला असेल तर? तीन महिन्यांत पहिल्यांदा तिला गावी जायची घाई झाली.

शनिवारी ती घरी न जाता आधी कालव्यावरच उतरली. चार वाजत आले होते. जिथं अपघात झाला तिथं ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, जीपचं तोंड होतं तिकडं तोंड करून. डावीकडं कालवा. पाण्यावर ऊन नुसतं पेटलं होतं. तिनं चकती डोळ्याला लावली, फिरवली. चमक विझली आणि तळाचं शेवाळ हलताना दिसलं. मग तिनं चकती काढली आणि मान उजवीकडं वळवली. उजवीकडं उसाचा फड, त्याची गार सावली आणि त्यातून येणारा बांध. चमकायला तिथं काही नव्हतंच. बांधाच्या पार टोकाला एक म्हातारी शेळी ओढत चालली होती. तिच्या लुगड्याचा काठसुद्धा ओळखू येत होता.

अनिताचा हिरमोड झाला. हाताशी आलेली सबब तिनं स्वतःच खोडून टाकली होती.

घरी पोचली तर झुंबर जीप पुसत होता. तिनं न राहवून विचारलं, "आबा, त्या दिवशी कालव्याची चकाकी डोळ्यात आली होती का? तसं असेल तर सांगा. तसं होऊ शकतं."

झुंबरनं फडकं पिळलं. "चकाकी डाव्या अंगाला असती. मी उजवीकडं बगितलं व्हतं."

"मग?"

"मग काय? कुणीच न्हवतं."

सुटायची वाट ती हातानं दाखवत होती आणि हा माणूस त्या वाटेवरनंही चालायला तयार नव्हता. अनिता आत निघून गेली.

रविवारी सकाळी ती ओसरीवर बसून सोमवारच्या तासाचा कागद तयार करत होती. वहीचं पांढरं पान आडवं धरून तिनं डावीकडं काळ्या स्केचपेननं फुली काढली आणि उजवीकडं, चार बोटांवर, ठळक ठिपका. प्रयागबाई शेजारी शेंगा फोडत होती.

"ह्ये गं काय?"

"ये, तुलाच दाखवते. डावा डोळा हातानं झाक. उजव्यानं नुसत्या फुलीकडं बघ. ठिपक्याकडं बघायचं नाही. पण तो कडेला दिसतोय ना?"

"दिसतुय की."

अनितानं कागद हळूहळू जवळ आणला. एका जागी प्रयागबाई ओरडलीच, "गेला! आगं कुठं गेला?" आणखी जवळ आणला तर, "आला माघारी! आयला, ही तर करणीच झाली." ती इतकी हसली की सूप कलंडलं. "अवं, हिकडं या! तुमच्या लेकीनं जादू आणलीया."

झुंबर आला. दोघं बापलेक एकमेकांकडं बघत नव्हते, पण प्रयागबाईनं त्याला बसवलाच. अनितानं कागद हातभर लांब धरला.

"डावा डोळा झाका. फुलीकडं बघा. ठिपका दिसतोय?"

"कसला ठिपका?"

"कडेचा, काळा. अजून कागद जवळ आणलेला नाही, आता दिसायला पाहिजे."

"न्हाय. फुलीच हाय नुसती. कोरा हाय कागद."

अनिताला वाटलं, मुद्दाम करतायत. तिनं कागद जवळ नेला, लांब नेला, वर केला, खाली केला. "कोराच हाय," झुंबर म्हणाला.

"बरं, आता सरळ उजवीकडं बघा. ठिपक्याकडंच बघा."

झुंबरनं डोळा फिरवला. त्याच्या कपाळावर आठी चढली.

"हां, हाय की ठिपका. पर फुली कुणी पुसली?"

प्रयागबाईच्या हातात अर्धी फोडलेली शेंग तशीच राहिली. अनितानं कागद मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला.

"आता उजवा डोळा झाका," ती म्हणाली. या डोळ्यासाठी फुली उजवीकडं येईल असा तिनं कागद उलटा फिरवला. ठिपका डावीकडं आला. झुंबरला तो दिसला, जायच्या जागी गेला, यायच्या जागी परत आला. प्रयागबाईनं सुस्कारा टाकला. "ह्यो डोळा धड हाय, बाई."

पण अनिताच्या मनात पाल चुकचुकली. उजवा डोळा झाकलेलाच ठेवायला सांगून तिनं कागद पुन्हा सरळ केला. ठिपका उजवीकडं, नाकाच्या बाजूला. या बाजूला निरोगी डोळ्याचा ठिपका कधीच हरवत नाही. तिथं आंधळी जागा नसतेच.

"फुलीकडं बघा, आबा. ठिपका?"

"न्हाय."

"नीट बघा हो."

"न्हाय, अने. कोरा हाय."

उजवा डोळा नळीतनं बघावं तसा तेवढ्यापुरतंच बघत होता आणि डाव्या डोळ्याची उजवी बाजू गेली होती. दोन्ही डोळे उघडे ठेवून हा माणूस समोर बघत असला, तर त्याच्या उजवीकडं काहीही नव्हतं. अंधार नव्हता, धुकं नव्हतं, काळा डागही नव्हता. मेंदूनं तिथं मोकळा रस्ता विणून ठेवला होता. उसाचा फड, सावली आणि रिकामा बांध.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही खोटं बोलला नव्हता."

झुंबर तिच्याकडं बघत राहिला. तीन महिने ज्या शब्दासाठी तो झुरत होता तो लेकीच्या तोंडून आला होता, पण त्याच्या तोंडावर सुटल्यासारखं काही दिसेना. तो सावकाश म्हणाला, "म्हंजी म्हस्कू तितं व्हता."

"व्हय."

"समदी म्हणत व्हती तसा, व्हता तितं."

तो उठला. जीपपाशी गेला, दार उघडलं, मागच्या दोन्ही बाकड्यांकडं बघत उभा राहिला. सकाळीच त्यानं अकरा माणसं वालचंदनगरला नेऊन सोडली होती. त्यांत एक बाळंतीण होती. तो तिथंच, चाकाला धरून, खाली बसला. प्रयागबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावली.

सोमवारी अनितानं तास घेतलाच नाही. बापाला घेऊन ती बारामतीच्या एका डोळ्याच्या डॉक्टरांकडं गेली. त्यांनी आधी पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. झुंबरनं शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली, आणि अनिताला क्षणभर वाटलं की आपलंच काहीतरी चुकलं. मग डॉक्टरांनी त्याला काळ्या कापडाच्या पडद्यासमोर बसवलं आणि काठीच्या टोकाची पांढरी टाचणी उजव्या कडेकडून आत सरकवायला सुरुवात केली. "दिसली की सांगा." टाचणी सरकत राहिली. झुंबर गप्प. टाचणी पडद्याच्या पार मध्यावर आली तेव्हा तो म्हणाला, "आली."

डॉक्टरांनी डोळ्यात औषध टाकून दाब मोजला, पुन्हा मोजला, आणि स्टूल जवळ ओढून बसले.

"काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि नस हळूहळू वाळते. दुखत नाही, खुपत नाही. समोरचं शेवटपर्यंत छान दिसतं. त्यामुळं माणसाला पत्ता लागत नाही."

"कवापासून आसंल?" झुंबरनं विचारलं.

"पाच-सहा वर्षं तरी."

"पाच-सहा..." झुंबर बोटं मोजायला लागला आणि मधेच थांबला.

"आपरेशन करून माघारी येतंय का? मोतीबिंदूचं येतंय तसं?"

"नाही. हा नेलेलं परत देत नाही. थेंब घालून, गरज पडली तर ऑपरेशन करून, उरलंय ते राखता येईल. गाडी मात्र आजपासून बंद." मग ते अनिताकडं वळले. "तुम्ही मुलगी ना? तुम्हीही बसा. हा रक्तातनं उतरतो."

अनिता हे पुस्तकात वाचून होती. तरी यंत्रावर हनुवटी टेकवायला तिनं वेळ लावला. तिचा पडदा साफ निघाला, दाब मात्र किंचित वर होता. दर वर्षी येऊन दाखवायचं, डॉक्टर म्हणाले. ती "बरं" म्हणाली आणि बाहेर येऊन बाकड्यावर बसली ती दहा मिनिटं उठलीच नाही. झुंबर तिच्या डाव्या हाताला बसला होता. तिच्याकडं बघण्यासाठी त्याला अख्खी मान वळवावी लागत होती. ते तिला आजच दिसलं. एवढी वर्षं ती त्याला ऐट समजत होती.

जीप दाराशी उभीच राहिली. आठवडाभर झुंबर घराबाहेर पडला नाही. पुढच्या रविवारी अनिता आली तेव्हा तो पटका बांधून तयार बसला होता. "चल माझ्याबरूबर. म्हस्कूकडं जायाचं हाय."

म्हस्कूचं घर रानात होतं. दोघं रस्त्यानं गेले. म्हस्कू खाटेवर बसला होता, काठी शेजारी. त्याची बायको भामाबाई झुंबरला बघताच आत निघून गेली.

"का आलाय, झुंबरराव?" म्हस्कूनं विचारलं.

"सांगाया आलोय. तू तितं व्हतास."

म्हस्कू कडवट हसला. "मला म्हाईत हाय मी कुठं व्हतो. हाड माझं मोडलंय."

"मी खोटं न्हाय बोललो, म्हस्कू. माझं डोळं गेल्यात. उजव्या अंगाचं."

"डोळं गेल्यात? मग माझ्या दारापातूर कसं आलासा? समोर बगून बोलताय की!"

अनिता समजावून सांगायला लागली, नस, दाब, पडदा. म्हस्कूनं तिला हातानं थांबवलं. तो काठी टेकत उठला. "झुंबरराव, त्या गोठ्याकडं बगा. मान हलवायची न्हाय."

झुंबर सरळ गोठ्याकडं बघत उभा राहिला. म्हस्कू लंगडत, आवाज न करता त्याच्या उजवीकडं गेला. दोन पावलांवर थांबला. तोंड त्याच्याकडं करून उभा राहिला. भामाबाई दारात येऊन बघत होती. म्हस्कूनं काठी उचलली आणि तिचं टोक झुंबरच्या कानापासून हातभर अंतरावर नेलं. झुंबरची पापणीसुद्धा हलली नाही.

"म्हस्कू?" झुंबर म्हणाला. "आरं, बोल की. घरात गेलास व्हय?"

म्हस्कूच्या हातातली काठी खाली आली. तो परत खाटेवर येऊन बसला. भामाबाईनं पदर तोंडाला लावला. "आगं बया," एवढंच ती म्हणाली.

मग म्हस्कू बोलला, पण झुंबरशी नाही, अनिताशी. "मी रोज देवाला म्हणत व्हतो, त्याचं डोळं फुटूंद्यात."

"ते आधीच गेले होते, तात्या," अनिता म्हणाली.

माफ केलं असं म्हस्कू म्हणाला नाही, आणि झुंबरनंही मागितली नाही. जीप विकायची ठरली आहे, इतकं त्यानं सांगितलं. भंडारा घेऊन देवळात पुन्हा उभा राहीन, या बारीला दोन्ही गोष्टी सांगीन, म्हणाला. म्हस्कूनं नुसती मान हलवली.

निघताना झुंबर सवयीनं मागच्या पायवाटेला लागला. जीप काढायच्या आधी स्टँडवर नंबर लावायला तो रोज याच जवळच्या वाटेनं चालत जायचा. म्हस्कू एकदम ओरडला, "अने! बापाला धर. तितं उजव्या हाताला हीर हाय, कठडा न्हाय तिला!"

झुंबर थांबला. "ठाव हाय मला. रोज सकाळी हितनंच तर जात व्हतो. लांबनं जातो मी तिच्या."

अनितानं पुढं होऊन त्याचा दंड धरला आणि विहिरीकडं पाहिलं. कालव्याच्या मागच्या पाळीचं पाणी वाटेवर आलं होतं, त्याचा चिखल आता वाळून कडक झाला होता. त्यात टायरच्या चपलांचे ठसे होते, एकामागं एक, आबांच्या पायाचे, विहिरीच्या काठाला धरून गेलेले. एका जागी तर टाचेखालची माती ढासळून आत गेली होती.

तिनं बापाच्या दंडावरची पकड घट्ट केली.

"काय झालं?" झुंबरनं विचारलं, समोर बघत.